बिझीबॉक्स हाताशी घेऊन शिका कॉन्फिगरेबल सॉफ्टवेअर

एखाद्या प्रोग्रॅमला चालू-बंद करता येणारे ३३ स्वतंत्र ऑप्शन असले, तर त्याची ८५८ कोटींहून जास्त रूपं तयार होऊ शकतात. जगातल्या प्रत्येक माणसाला वेगळा प्रोग्रॅम देऊनही काही उरतील. लिनक्स कर्नलमध्ये असे ऑप्शन दहा हजारांहून अधिक आहेत. ‘माझ्या मशीनवर चाललं’ म्हणणारा माणूस त्या प्रचंड ढिगातल्या एका रूपाबद्दल बोलत असतो, बाकीच्यांबद्दल त्याला काहीच माहीत नसतं. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात कॉन्फिगरेबल सिस्टिम्स हा भाग वेगळा शिकवावा लागतो, तो या गणितामुळे.

कल्पना जुनी आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९७६ मध्येच ‘प्रोग्रॅमचं कुटुंब’ असा विचार मांडला होता. १९९० मध्ये कार्नेगी मेलनच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमधून फोडा नावाची पद्धत आली आणि फीचर मॉडेलची, म्हणजे कोणतं फीचर (ऑप्शन) कोणाखाली येतं ते दाखवणारी, झाडासारखी आकृती रूढ झाली. आज विषयाचे ढोबळ तीन भाग पडतात: कोणते ऑप्शन एकत्र चालतात ते नेमकं लिहिणं, ते कोडमध्ये उतरवणं आणि सगळी रूपं तपासणं अशक्य असताना काय तपासायचं ते ठरवणं. तिन्ही भाग स्लाइड्सवर सोपे दिसतात. हात घातल्याशिवाय त्यातलं काही पचत नाही, म्हणून इथे सगळं एकाच खऱ्या प्रोग्रॅमवर, बिझीबॉक्सवर, करू.

बिझीबॉक्सच का? तो सी भाषेत आहे, छोटा आहे, चार कोअरच्या लॅपटॉपवर साधारण मिनिटभरात बिल्ड होतो आणि ऑप्शन लिहायला कर्नलचीच केकॉन्फिग भाषा वापरतो. त्याच्या एकाच एक्झिक्युटेबलमध्ये एलएस, ग्रेप, टार यांसारखी तीनशेहून अधिक छोटी साधनं असतात. त्यांना अ‍ॅप्लेट म्हणतात. राउटर आणि इतर एम्बेडेड उपकरणांत तो सर्रास सापडतो. थेट कर्नलपासून सुरुवात करू नका. तिथे एक चूक कळायला अर्धा तास जातो, इथे एक मिनिट.

आधी यायला हवं ते एवढंच: सी वाचता येणं, टर्मिनलची सवय, गिटची तोंडओळख आणि ‘आणि-किंवा-नाही’चं तर्कशास्त्र. एक व्यवहाराची गोष्ट. खाली आदेश आणि फाइलींची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची.

मांडामांड

उबुंटू किंवा डेबियन घ्या. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल-२ चालेल, पण सोर्स लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलात तर प्रत्येक फाइल उघडताना दोन्ही सिस्टिम्सच्या मधली सीमा ओलांडावी लागते आणि बिल्ड रांगत चालतं. ‘बिल्ड-एसेन्शियल’ आणि ‘लिबएनकर्सेस-डेव्ह’ ही पॅकेजेस बसवा. मग बिझीबॉक्सची १.३६.१ ही आवृत्ती उतरवून घ्या, फाइल जेमतेम अडीच एमबीची आहे. गटात काम करत असाल तर सगळ्यांनी हीच आवृत्ती घ्या. आवृत्ती बदलली की ऑप्शन बदलतात आणि एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळत नाहीत.

फाइल उलगडून त्या फोल्डरमध्ये जा आणि ‘मेक डेफकॉन्फिग’ द्या. यातून ‘.कॉन्फिग’ नावाची फाइल तयार होते. मग ‘मेक -जे४’. सगळं नीट झालं तर ‘./बिझीबॉक्स एलएस’ चालवून पाहा.

नीट होईलच असं नाही, आणि इथेच पहिला धडा आहे. कर्नलची हेडर ६.८ किंवा त्यापुढची असतील (उबुंटू २४.०४ वर ६.८ आहेत), तर नेटवर्किंग फोल्डरमधली ‘टीसी.सी’ ही फाइल ‘टीसीए_सीबीक्यू_मॅक्स’ माहीत नसल्याची तक्रार करत अडते. कारण साधं आहे. सीबीक्यू ही पॅकेटच्या रांगा लावायची जुनी पद्धत कर्नलमधून काढली गेली, तिच्या व्याख्या हेडरमधूनही गेल्या, आणि बिझीबॉक्सचं टीसी अ‍ॅप्लेट अजून त्या शोधतं. कोड बदललेला नाही, कॉन्फिगरेशनही बदललेलं नाही, तरी बिल्ड मोडलं. म्हणजे सभोवतालची सिस्टिमही न लिहिलेल्या ऑप्शनसारखीच वागते. तुमच्या प्रयोगवहीत कंपायलर, सी लायब्ररी आणि हेडर यांच्या आवृत्त्या पहिल्या पानावर हव्यात, त्या याचसाठी.

उपाय: ‘.कॉन्फिग’मध्ये ‘कॉन्फिग_टीसी=वाय’ ही ओळ शोधा आणि तिच्या जागी ‘# कॉन्फिग_टीसी इज नॉट सेट’ लिहा. ही ओळ कॉमेंटसारखी दिसते, पण केकॉन्फिग ती वाचतं. नवशिके तिला कचरा समजून पुसतात. ओळच नसली तर केकॉन्फिगच्या दृष्टीने तुम्ही उत्तरच दिलेलं नाही, मग ते डिफॉल्ट उचलतं आणि बंद केलेलं टीसी पुन्हा चालू होतं. बदल केल्यावर ‘मेक ओल्डकॉन्फिग’ चालवायचं, म्हणजे बाकीचे अवलंबून असलेले ऑप्शन जुळवले जातात. कर्नलमध्ये प्रश्न न विचारता डिफॉल्ट घेणारा ‘ओल्डडेफकॉन्फिग’ हा आदेश आहे. बिझीबॉक्सकडे केकॉन्फिगची जुनी प्रत असल्याने ‘ओल्डकॉन्फिग’च वापरा आणि विचारलेल्या प्रश्नांना एंटर मारत जा.

दुसरी अडचण ऑप्शन निवडायच्या मेनूची. जीसीसी १४ वर (डेबियन १३ मध्ये तोच येतो) ‘मेक मेनूकॉन्फिग’ म्हणतं की एनकर्सेस लायब्ररी सापडत नाही. ती बसवलेली असते, तरी असंच म्हणतं. मग लोक पॅकेज काढून पुन्हा बसवत राहतात. खरा दोष ‘स्क्रिप्ट्स/केकॉन्फिग/एलएक्सडायलॉग’ फोल्डरमधल्या ‘चेक-एलएक्सडायलॉग.एसएच’मध्ये आहे. लायब्ररी आहे का हे बघायला ती स्क्रिप्ट एक चिमुकला प्रोग्रॅम कंपाइल करते, त्यात ‘मेन’च्या आधी ‘इंट’ लिहिलेलं नाही, आणि जीसीसी १४ असं चालवून घेत नाही. कंपायलर वेगळ्याच कारणाने चिडतो आणि स्क्रिप्ट त्याचा अर्थ ‘लायब्ररी नाही’ असा लावते. ‘मेन’च्या आधी ‘इंट’ लिहा, मेनू उघडतो.

नियम वाचणं

मेनू उघडून तासभर नुसतं फिरा. अ‍ॅप्लेटच्या नावापुढे कंसात त्याचा अंदाजे आकार दिसेल. एका ऑप्शनला टिक लावली की खाली नवे ऑप्शन उगवतात, टिक काढली की गायब होतात. आता हेच कोडमध्ये शोधा. बिझीबॉक्समध्ये ऑप्शनची व्याख्या त्या-त्या सी फाइलच्या सुरुवातीला ‘//कॉन्फिग:’ ने सुरू होणाऱ्या ओळींत असते, आणि बिल्ड होताना स्क्रिप्ट त्या ओळी गोळा करून ‘कॉन्फिग.इन’ फाइली बनवते. ही सोय चांगली आहे. अ‍ॅप्लेट आणि त्याचे ऑप्शन एकाच जागी राहतात, एक हलवलं आणि दुसरं विसरलं असं होत नाही.

‘कोअरयुटिल्स/एलएस.सी’ उघडा. मुख्य ऑप्शन ‘एलएस’. त्यावर अवलंबून असलेले सात: फाइलटाइप्स, फॉलोलिंक्स, रिकर्सिव्ह, विड्थ, सॉर्टफाइल्स, टाइमस्टॅम्प्स, युजरनेम. या प्रत्येकाचं पूर्ण नाव ‘फीचर_एलएस_’ने सुरू होतं. शिवाय ‘कलर’, त्याला ‘एलएस’ही लागतो आणि ‘लाँग_ऑप्ट्स’ही, कारण टर्मिनलवर रंग मागायचा ऑप्शन ‘--कलर’ असा लांब नावाचा आहे. आणि ‘कलर_इज_डिफॉल्ट’, त्याला ‘कलर’ लागतो. एकूण ११ ऑप्शन झाले.

कागदावर २ चा ११ वा घात २०४८. यातली चालणारी किती? एलएस बंद असेल तर त्याखालचं सगळं बंद, फक्त लाँग_ऑप्ट्स मोकळा: २ रूपं. एलएस चालू असेल तर सात ऑप्शन मोकळे: १२८. त्यांना रंगाच्या शक्यतांनी गुणायचं. लाँग_ऑप्ट्स बंद तर रंग नाही, १ शक्यता. चालू तर रंग नाही, नुसता रंग, रंग आणि तोच डिफॉल्ट, अशा ३. म्हणून १२८ गुणिले ४, म्हणजे ५१२. त्यात २ मिळवून ५१४. दहा नियमांनी तीन-चतुर्थांश रूपं छाटली. हा हिशोब एकदा हाताने कराच. पुढे साधन चुकलं की ते चुकलंय हे ओळखायला हाच आकडा उपयोगी पडतो.

आता हे नियम मशीनला समजतील असे लिहायचे. सगळे नियम एकाच वेळी पाळता येतात का ते शोधणाऱ्या प्रोग्रॅमला सॅट सॉल्व्हर म्हणतात, आणि त्याच्यासाठी डायमॅक्स नावाचं साधं मजकुरी स्वरूप असतं. ऑप्शनना क्रमांक द्या: १ एलएस, २ लाँग_ऑप्ट्स, ३ ते ९ ते सात, १० कलर, ११ कलर_इज_डिफॉल्ट. फाइलची पहिली ओळ ‘पी सीएनएफ ११ १०’, म्हणजे ११ चल आणि १० नियम. मग प्रत्येक नियमाची एक ओळ:

-३ १ ०
-४ १ ०
(असंच -९ पर्यंत)
-१० १ ०
-१० २ ०
-११ १० ०

‘-३ १’ म्हणजे ‘३ नाही, किंवा १ आहे’, म्हणजेच ‘३ हवा तर १ हवाच’. शेवटचं शून्य नियम संपल्याची खूण. ही फाइल मिनीसॅटला किंवा पायथनच्या पायसॅटला द्या. ११ चलांसाठी सॉल्व्हर न घेता पायथनमध्ये दहा ओळींचा लूप लिहूनही ५१४ येतात का ते पाहता येतं, आणि ते आधी पाहावंच.

फीचर मॉडेलच्या झाडावरून नियम लिहिताना ठरलेल्या चुका होतात. पोकळ गोल म्हणजे ऐच्छिक फीचर, भरीव गोल म्हणजे सक्तीचं. ऐच्छिकाचा एकच नियम: मूल असेल तर पालक असतो. सक्तीच्या फीचरला मात्र उलटाही नियम लागतो: पालक असेल तर मूल असतं. अर्धे विद्यार्थी हा उलटा नियम लिहितात आणि सुलटा विसरतात, मग पालकाविना लोंबकळणारी मुलं असलेली रूपं ‘वैध’ ठरतात. ‘यातलं नेमकं एक’ अशा गटासाठी ‘निदान एक’ हा एक नियम, शिवाय प्रत्येक जोडीसाठी ‘दोन्ही नकोत’. पाच मुलं असतील तर जोड्यांचेच १० नियम होतात. यातली एक जरी जोडी सुटली तरी मॉडेल तक्रार करत नाही, चूक तशीच राहते.

सॉल्व्हरला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: एकही वैध रूप आहे का? दुसरा: असा ऑप्शन आहे का जो कधीच चालू करता येणार नाही? त्याला मृत फीचर म्हणतात. समजा कोणीतरी चुकून ‘-१० -२ ०’ हा नियम घातला, म्हणजे रंग आणि लाँग_ऑप्ट्स एकत्र नकोत. आता रंगाला लाँग_ऑप्ट्स लागतो आणि चालतही नाही. मॉडेल पोकळ होत नाही, २५८ रूपं अजून वैध आहेत, मेनूही नीट उघडतो. फक्त रंग कायमचा गेला. शोधायचं असं: फाइलला ‘१० ०’ ही ओळ जोडा, म्हणजे ‘१० हवाच’. सॉल्व्हर ‘अनसॅट’ (असं एकही रूप नाही) म्हणाला तर १० मृत. सगळ्या ऑप्शनसाठी हे फिरवा. ओळ जोडली की पहिल्या ओळीतली नियमांची संख्याही बदला. मिनीसॅट याबद्दल नुसता इशारा देतो, पण काही साधनं इतकी समजूतदार नसतात.

तिसरा प्रश्न उलटा: ऐच्छिक म्हणून दाखवलेलं फीचर खरं तर सक्तीचंच झालंय का? पालक चालू आणि मूल बंद असं मागून पाहा. अनसॅट आलं तर गिऱ्हाइकाला दिलेली निवड खोटी आहे.

केकॉन्फिगमधली एक खोडी इथेच सांगायला हवी, कारण ती कर्नलमध्ये नक्की भेटते. ‘डिपेंड्स ऑन’ ऑप्शनला अडवून ठेवतं. ‘सिलेक्ट’ ऑप्शनला ढकलून चालू करतं, आणि ढकलताना त्याच्या स्वतःच्या अटी बघत नाही. ‘अ’ने ‘ब’ला सिलेक्ट केलं, ‘ब’ला ‘क’ लागतो, आणि ‘क’ बंद आहे, अशा वेळी ‘ब’ चालू आणि ‘क’ बंद असं रूप तयार होतं. मग बिल्ड लिंकिंगला अडकतं आणि एरर तिसऱ्याच फाइलकडे बोट दाखवते. अलीकडचं केकॉन्फिग ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ अशी वॉर्निंग देतं, पण ती हजार ओळींच्या लॉगमध्ये हरवते. म्हणून सिलेक्ट फक्त मेनूत न दिसणाऱ्या आणि स्वतःच्या अटी नसलेल्या ऑप्शनसाठीच वापरायचा. मॉडेल लिहिताना सिलेक्टला ‘अ हवा तर ब हवा’ असं उतरवलंत, तर ‘ब हवा तर क हवा’ हे केकॉन्फिग प्रत्यक्षात पाळत नाही हे विसरू नका. तुमचं मॉडेल खऱ्यापेक्षा शहाणं निघेल आणि प्रत्यक्षात होणारी वाईट रूपं त्यात दिसणारच नाहीत.

कर्नलमध्ये ऑप्शन तीन अवस्थांचेही असतात: नाही, मॉड्यूल, आत. त्यांच्या किमती ०, १, २. ‘आणि’ म्हणजे लहान किंमत, ‘किंवा’ म्हणजे मोठी, ‘नाही’ म्हणजे २ मधून वजा. सॅटसाठी अशा प्रत्येक ऑप्शनला दोन चल द्यावे लागतात. बिझीबॉक्समध्ये ही डोकेदुखी नाही.

कोडमध्ये उतरवणं

वर्गात इथे फीचर-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, आस्पेक्ट, प्लगइन, डिझाइन पॅटर्न असं बरंच येतं. परीक्षेसाठी ते सगळं वाचा. नोकरीत, विशेषतः पुणे-चाकण पट्ट्यातल्या वाहन-इलेक्ट्रॉनिक्ससारख्या एम्बेडेड कामात, बहुतेक वेळ प्रीप्रोसेसर, बिल्ड सिस्टिम आणि चालत्या प्रोग्रॅममधले फ्लॅग यांच्याशीच गाठ पडते. म्हणून प्रीप्रोसेसर नीट समजून घ्या.

‘#इफडेफ’ची अडचण अशी, की बंद बाजूचा कोड कंपायलरला दिसतच नाही. त्यात चुकीचा टाइप असो वा नसलेलं फंक्शन, ते रूप कोणी बिल्ड करेपर्यंत कळत नाही. मॅक्रोचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर एररही येत नाही, तो भाग कायमचा बंद राहतो. बिझीबॉक्सची रीत बघण्यासारखी आहे. प्रत्येक ऑप्शनसाठी ‘एनेबल_’ने सुरू होणारा मॅक्रो नेहमीच असतो, किंमत ० किंवा १. म्हणून कोडमध्ये साधं ‘इफ (एनेबल_फीचर_एलएस_कलर)’ लिहिता येतं. कंपायलर दोन्ही बाजू वाचतो, टाइप तपासतो, आणि किंमत ० असेल तर तो भाग टाकून देतो. आकार वाढत नाही, चुका मात्र लवकर सापडतात. नाव चुकलं तर ‘ओळख नाही’ अशी एरर लगेच येते. कर्नलमध्ये याच कामासाठी ‘इज_एनेबल्ड’ हा मॅक्रो आहे.

हे सगळीकडे चालत नाही. स्ट्रक्चरमधला एखादा मेंबर किंवा फंक्शनचं एखादं आर्ग्युमेंट ऑप्शनप्रमाणे हवं असेल, तर साध्या ‘इफ’ने होत नाही. तिथे बिझीबॉक्स ‘इफ_’ने सुरू होणारे मॅक्रो वापरतं. ऑप्शन चालू असेल तर कंसातला मजकूर उमटतो, नाहीतर नाही. ‘#इफडेफ’ वापरावाच लागला तर पूर्ण वाक्य, पूर्ण ब्लॉक, पूर्ण फंक्शन असा घेरा. अर्धी अट आत आणि उघडा महिरपी कंस बाहेर, अशी ‘#इफडेफ’ची कापाकापी कुठल्याच साधनाला धड वाचता येत नाही, माणसालाही नाही. ‘#इफ’ वापरताना जीसीसीला ‘-डब्ल्यूअनडेफ’ द्या, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या मॅक्रोबद्दल वॉर्निंग मिळते.

कोणता ऑप्शन कधी पक्का होतो यालाही महत्त्व आहे. बिल्डच्या वेळी बंद केलेला कोड एक्झिक्युटेबलमध्ये नसतोच. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोष उघड झाला, तेव्हा लगेच नवी आवृत्ती घेता न येणाऱ्यांना ‘हार्टबीट नको’ हा ऑप्शन देऊन पुन्हा कंपाइल करा, असा सल्ला त्या प्रकल्पानेच दिला होता. रनटाइम फ्लॅगचं तसं नाही, बंद कोडही आत बसलेला असतो. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने नव्या कामासाठी जुनाच फ्लॅग पुन्हा वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला होता, तिथे त्या फ्लॅगने वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा केला, आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. फ्लॅग निवृत्त करताना त्याच्यामागचा कोडही काढायचा आणि नाव पुन्हा वापरायचं नाही, हा नियम तुमच्या प्रोजेक्टमध्येही पाळा.

काय तपासायचं

नवशिक्यांचा पहिला विचार: ‘मेक ऑलयेसकॉन्फिग’ करू, सगळं चालू म्हणजे सगळं तपासलं. तसं नसतं. ‘#एल्स’च्या बाजूचा एकही शब्द त्यात कंपाइल होत नाही, आणि ‘यातलं एकच’ अशा गटातलं एकच येतं. ते करा जरूर, जोडीला ‘ऑलनोकॉन्फिग’ही करा, पण तिथे थांबू नका.

मग ‘रँडकॉन्फिग’. तो जवळपास प्रत्येक ऑप्शनसाठी नाणं उडवतो. आपल्या ११ ऑप्शनवर याचा परिणाम मोजता येतो. निम्म्या वेळा एलएसच बंद येईल, आणि त्यावर अवलंबून असलेले नऊ ऑप्शन तपासायचा प्रश्नच येणार नाही. ५१४ रूपांतून सारख्या संधीने निवड केली असती तर एलएस बंद असलेली दोनच, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. कलर_इज_डिफॉल्ट चालू यायला एलएस, लाँग_ऑप्ट्स, कलर आणि तो स्वतः अशी चार नाणी अनुकूल पडायला हवीत: १६ त १ वेळ. सारख्या निवडीत ५१४ पैकी १२८, म्हणजे चारात एक. जितका ऑप्शन खोल, तितका रँडकॉन्फिग त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. अहवालात ‘१०० रँडम कॉन्फिगरेशन तपासली’ असं लिहिणार असाल तर ती कशी निवडली हे लिहा, परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतात.

तिसरा मार्ग जोड्यांचा. कुठल्याही दोन ऑप्शनच्या चारही अवस्था निदान एका रूपात याव्यात, एवढीच अट. तीन ऑप्शनना ०००, ०११, १०१, ११० ही चार रूपं पुरतात. कुठलेही दोन स्तंभ झाकून पाहा. दहा स्वतंत्र ऑप्शनची १०२४ रूपं असतात, जोड्यांसाठी ६ पुरतात. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेतल्या संशोधकांनी २००४ मध्ये खऱ्या दोषांच्या नोंदी तपासल्या. बहुतेक दोष एका किंवा दोन घटकांच्या संयोगाने उघड होत होते, सहापेक्षा जास्त घटक लागलेला दोष त्यांना आढळला नव्हता. जोड्यांवर भर देण्याचं कारण ते. तरी तीन ऑप्शन एकत्र आल्यावरच दिसणारा दोष जोड्यांच्या चाचणीतून सुटू शकतो, हेही लक्षात ठेवा. साधनं म्हणून निस्टचं अ‍ॅक्ट्स, मायक्रोसॉफ्टचं पिक्ट किंवा फीचरआयडीई घ्या. अटी द्यायला विसरलात तर ती ‘एलएस बंद, रंग चालू’ अशा रूपांनी जोड्या भरतील. केकॉन्फिग असं रूप गपचूप दुरुस्त करतं, आणि तुम्हाला वाटतं जोडी तपासली.

म्हणून प्रत्येक रूपासाठी क्रम असा ठेवा: ‘.कॉन्फिग’ लिहा, ‘ओल्डकॉन्फिग’ चालवा, मागितलेल्या किमती टिकल्या का ते तपासा, बिल्ड करा, चाचण्या चालवा, मग ‘.कॉन्फिग’, लॉग आणि निकाल एका फोल्डरात ठेवा. दर रूपाला वेगळा बिल्ड फोल्डर हवा, त्यासाठी ‘मेक ओ=फोल्डर’. आधी मुख्य फोल्डरमध्ये बिल्ड केलेलं असेल तर हे अडतं आणि ‘मेक एमआरप्रॉपर’ करायला सांगतं. सांभाळा: एमआरप्रॉपर तुमची ‘.कॉन्फिग’ही पुसतो. प्रत बाजूला काढून मगच चालवा.

रूप मोडलं की दोषी ऑप्शन शोधायचा. मोडणारं आणि चालणारं अशी दोन रूपं शेजारी ठेवा, फरकाची यादी काढा, तिच्यातले निम्मे ऑप्शन बदलून पाहा, मग त्यातले निम्मे. शंभर फरक असले तरी सातेक बिल्डमध्ये एका ऑप्शनपर्यंत येता. मात्र दोष दोन ऑप्शनच्या जोडीत असेल तर अर्धं करताना जोडी फुटते आणि दोन्ही अर्धे भाग चालतात. तेव्हा गोंधळू नका. एक अर्धा भाग स्थिर ठेवून दुसऱ्याचे तुकडे करा.

आकार आणि वेग

प्रोजेक्टला पहिल्यांदा आकार मोजा, वेग नंतर. आकारात गोंगाट नसतो: तेच कोड, तोच कंपायलर, तर आकडाही तोच. बिझीबॉक्समध्ये ‘मेक बेसलाइन’ने आधीची प्रत जपून ठेवता येते आणि बदलानंतर ‘मेक ब्लोटचेक’ कुठलं फंक्शन किती बाइटनी वाढलं ते दाखवतो.

दोन ऑप्शनचा एकमेकांवर परिणाम आहे का, हे कळायला चार बिल्ड लागतात: दोन्ही बंद, फक्त पहिला, फक्त दुसरा, दोन्ही चालू. समजा आकार अनुक्रमे १००, १०६, १०५ आणि १०८ केबी आले. वेगवेगळ्या वाढी ६ आणि ५, एकत्र वाढ ८. वजा ३ केबी हा परस्परसंबंध. बहुधा दोघांना लागणारं एकच फंक्शन पहिल्याने आत आणलं, दुसऱ्याला ते फुकट मिळालं. लॉगमध्ये ते फंक्शन शोधून नावानिशी लिहा, नुसता आकडा देऊन सोडू नका. सगळ्या जोड्या मोजायच्या भानगडीत पडायचं नाही, ५० ऑप्शनच्या १२२५ जोड्या होतात. ज्या ऑप्शनच्या सी फाइली सामाईक आहेत तेवढ्याच घ्या.

वेग मोजताना लॅपटॉप चार्जरवर ठेवा, ब्राउझर बंद करा, प्रत्येक रूप निदान दहा वेळा चालवा आणि मध्यमान न घेता मध्यक घ्या. एलएसच्या वेगात दोन टक्के फरक दिसला तर तो बहुधा डिस्कच्या कॅशचा असतो. पहिली धाव मोजणीतून वगळा.

सत्राची आखणी

चौघांचा गट आणि बारा आठवडे धरले तर मांडामांड आणि एलएसचा हिशोब पहिल्या दोन आठवड्यांत संपवा. पुढचे तीन एखाद्या मोठ्या अ‍ॅप्लेटच्या मॉडेलला, उदाहरणार्थ ‘अ‍ॅश’ शेल, कारण त्याला भरपूर ऑप्शन आहेत. चाचणीला निदान चार आठवडे ठेवा, तीच नेहमी रेंगाळते. मोजमापाला दोन, अहवालाला एक. एका माणसाकडे फक्त स्क्रिप्ट आणि नोंदी द्या. हे काम कोणाला आवडत नाही, आणि प्रोजेक्ट रखडतात ते बहुतेक ते कोणाकडेच नसल्यामुळे.

यानंतर कर्नलकडे जायचं असेल तर ‘मेक टायनीकॉन्फिग’पासून सुरू करा, तो सगळ्यात लहान बिल्ड देतो. हाताने ‘.कॉन्फिग’ खरडण्याऐवजी ‘स्क्रिप्ट्स/कॉन्फिग’ वापरा, आणि दोन कॉन्फिगरेशनमधला फरक बघायला ‘स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग’. साधा डिफ ‘इज नॉट सेट’ असलेली ओळ आणि ‘=वाय’ ओळ हे दोन असंबंधित बदल म्हणून दाखवतो, डिफकॉन्फिग त्यांना एकच बदल म्हणून दाखवतो.